कुरंगांच्या मेंदूच्या रक्तवाहिन्या

काळवीट, गझेल, न्यू, ओरिक्स, इलँड या कुरंगांच्या मेंदूला रक्त पोचते ते मुख्यतः जंभिका (वरच्या जबड्याच्या) धमनीतून. माणूस, कुत्रा, घोडा यांच्यात मेंदूकडे जाणारी आंतर ग्रीवा (मानेतली आतली) धमनी कुरंगांतही जन्मतः असते, पण तिचा कवटीबाहेरचा भाग पुढे आक्रसून बंद पडतो. त्यामुळे प्रौढ प्राण्याच्या विच्छेदनात ती शोधत बसू नये. मानेतली मूळ सामायिक ग्रीवा, तिची शाखा बाह्य ग्रीवा, मग जंभिका असा माग काढावा.

जंभिका धमनीच्या शाखा कवटीच्या तळातील रंध्रांतून आत शिरतात आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या दोन्ही बाजूंना बारीक धमन्यांचे दाट जाळे विणतात. हे धमनीजाल नीलांतल्या (हृदयाकडे परतणाऱ्या) रक्ताने भरलेल्या पोकळीत बुडालेले असते. जाळ्याच्या टोकाशी या धमन्या पुन्हा एकवटतात. तयार झालेली धमनी दृढतानिका हे मेंदूचे बाहेरचे जाड आवरण भेदून मेंदूच्या तळाशी येते आणि पुढची प्रमस्तिष्क (मोठ्या मेंदूची) व मागची संयोजी (जोडणारी) अशी दुभंगते. दोन्ही बाजूंच्या संयोजी धमन्या मेंदूच्या तळाच्या मध्यावरील आधारी धमनीला मिळतात. आधारी धमनी मागे निमुळती होत जाते, म्हणजे तिच्यातले रक्त मेंदूकडून मज्जारज्जूकडे वाहते. माणसात हाच प्रवाह नेमका उलट असतो. गुरांत कशेरुक (मणक्यांतून जाणाऱ्या) धमन्यांचेही रक्त जाळ्यात येते. पिसोरी या छोट्या हरणासारख्या प्राण्याच्या कुळात जाळे नसते आणि आंतर ग्रीवा धमनी शाबूत राहते. रवंथ करणाऱ्या सर्वांना एकच आराखडा लावणे म्हणूनच चूक.

अभ्यासासाठी दोन्ही सामायिक ग्रीवा धमन्यांतून रंगीत लेटेक्स किंवा राळ भरतात. आधी रक्त नीट धुतले नाही तर गुठळ्या अडून जाळे अर्धवट भरते आणि धमन्या कमी असल्याचा भास होतो. दाब जास्त झाला तर बारीक भिंती फुटतात.

नाकाच्या ओल्या अस्तरात थंड झालेले रक्त डोळ्याच्या कोपऱ्यातील नीलेतून जाळ्याभोवती येते आणि धमन्यांतली उष्णता ओढून घेते. टेलर व लायमन या संशोधकांनी 1972 मध्ये धावणाऱ्या गझेलचा मेंदू ग्रीवा धमनीतील रक्तापेक्षा 2.7 अंश सेल्सिअसपर्यंत थंड असल्याचे नोंदवले. त्यावरून जाळे पळताना मेंदू वाचवते असा समज रुजला. तो अपुरा आहे. मोकळ्या रानातील काळ्या न्यूंवरील मोजमापांत शीतकरण विश्रांतीच्या वेळी आढळले; जोराने पळताना ते थांबले. घाबरलेल्या प्राण्यात अनुकंपी (ताणात आपोआप चेतणारी) चेतासंस्था डोळ्याजवळची नीला आवळते आणि थंड रक्त चेहऱ्याच्या नीलेतून परस्पर हृदयाकडे जाते. निवांत असताना मात्र थंड मेंदूमुळे अधश्चेतकाला (मेंदूतील तापमान-नियंत्रण केंद्राला) शरीर कमी तापल्याचे जाणवते, धापणे व घाम उशिरा सुरू होतो आणि पाणी वाचते. ओरिक्ससारख्या वाळवंटी कुरंगांत जाळ्याचे महत्त्व ठरवताना या बचतीलाच पहिले स्थान द्यायला हवे.