पाण्याचा ताळेबंद

गावच्या शिवारात पडलेला पाऊस, त्यातले हाती लागणारे पाणी आणि माणसे, जनावरे व पिके यांची गरज यांचा दरवर्षी हिशेब मांडून त्यावरून रब्बी आणि उन्हाळी पिकांचे क्षेत्र ठरवण्याची ग्रामनियोजनाची पद्धत. अवर्षणप्रवण भागात पीक, दूध, मजुरी सगळे विहिरीच्या पाण्यावर चालते. त्यामुळे हा हिशेब नसलेला गावविकास आराखडा कितीही चकचकीत असला तरी पोकळच राहतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने ही पद्धत नावारूपाला आणली. पोपटराव पवार तेथे १९८९ मध्ये सरपंच झाले. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान आणि पाणलोटाची कामे झाल्यावर गावाने शेतीसाठी बोअर घेणे बंद केले आणि ऊस-केळीसारखी पिके टाळली. २०१९ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या केंद्राच्या अटल भूजल योजनेत सहभागी ग्रामपंचायतींनी ताळेबंद व जलसुरक्षा आराखडा करणे अपेक्षित होते.

मांडणी : एक हेक्टरवर १ मि.मी. पाऊस म्हणजे १० घनमीटर, अर्थात १०,००० लिटर पाणी. हजार घनमीटरला टीसीएम म्हणतात. समजा, शिवार १,००० हेक्टर आणि पाऊस ५०० मि.मी. आहे, म्हणजे ५,००० टीसीएम पाणी पडले. आकडा मोठा दिसतो, पण बरेचसे पाणी बाष्पीभवनात, पिकांच्या वाढीत आणि ओढ्याने वाहून जाण्यात संपते. बेसाल्ट खडकात मुरणारे पाणी पावसाच्या साधारण ७ ते १४ टक्के असते. १० टक्के धरले तर ५०० टीसीएम भूजल मिळते. त्यातलेही ७० टक्क्यांच्या वर उपसू नये, म्हणजे उरले ३५०. पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे : १,५०० माणसांना दरडोई रोज ५५ लिटरप्रमाणे वर्षाला ३० टीसीएम, ६०० मोठ्या जनावरांना दररोज ६० लिटरप्रमाणे १३ टीसीएम, आणि शेळ्या-मेंढ्यांसाठी थोडे. शेतीला ३०० च्या आसपास राहते. कांद्याला हेक्टरी सुमारे ६ टीसीएम, हरभऱ्याला अडीच, उसाला २० किंवा अधिक लागते. म्हणजे तेवढ्या पाण्यात ५० हेक्टर कांदा किंवा १२० हेक्टर हरभरा होईल. ऊस जेमतेम १५ हेक्टर. ग्रामसभेत हा एक तुलनात्मक तक्ता फळ्यावर लिहिला की चर्चेला धार येते.

मोजणी : पर्जन्यमापक गावातच हवा. महसूल मंडळाच्या ठिकाणचा पाऊस आणि शिवारातला पाऊस यांत अनेकदा बराच फरक असतो. झाड किंवा इमारत जेवढी उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर तो ठेवावा आणि रोज सकाळी साडेआठला वाचन घ्यावे. निरीक्षण विहिरींची पातळी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे महिन्यांत मोजते. गावानेही तेच महिने धरले तर तुलना करता येते. मोटर रात्रभर बंद ठेवून पहाटे वजन बांधलेली टेप सोडावी आणि कठड्याची उंची वजा करावी. कठडा वजा करायचा राहिला तर पाणी मीटरभर खोल गेल्याचे दिसते आणि वर्षावर्षांची तुलना निरर्थक ठरते.

परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत येऊ शकतो, म्हणून २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत अंतिम आकडा मांडणे घाईचे ठरते. त्यानंतर, पण गहू-हरभऱ्याच्या पेरणीआधी, खास ग्रामसभा घेऊन पिकांच्या क्षेत्राचा ठराव करावा. तोवर कांद्याची रोपे टाकलेली असतात; तेव्हा कांद्याच्या क्षेत्राचा अंदाज सप्टेंबरमध्येच कळवलेला बरा.

कुठे चुकते : सर्वांत मोठी चूक दुहेरी मोजणीची. पाझर तलावात साठलेले पाणी आणि त्याच्याच पाझराने विहिरीत आलेले पाणी दोन्ही जमेला धरले जाते. प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी तर बहुधा विहिरीच्या उपशावरच भरतात. ते नवे पाणी नव्हे, उलट उन्हात बाष्पीभवनाने घटणारे पाणी आहे. तरीही अनेक ताळेबंदांत ते उत्पन्न म्हणून दिसते. दुसरी चूक बोअरची. सातबाऱ्यावर विहिरी असतात, बोअरची नोंद अनेकदा नसते, त्यामुळे उपसा कमी दिसतो. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ नुसार पिण्याच्या पाण्याव्यतिरिक्त ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई आहे, पण गावाने स्वतःची यादी केल्याशिवाय कायद्याचा उपयोग होत नाही. तिसरी गोष्ट ठिबकची. पाणी वाचते, पण तेच पाणी वाढीव क्षेत्राला गेले तर एकूण उपसा तेवढाच राहतो.

खरा ताण मात्र दराचा असतो. कांदा चढला की ठरावाची आठवण कुणाला राहत नाही. म्हणून पीकबंदीसोबत उत्पन्नाची पर्यायी वाट लागते : चारापिके आणि दुधाचे संकलन, हरभरा-ज्वारीची एकत्र विक्री. ज्याला विहीर नाही त्यालाही ताळेबंदात वाटा हवा, मग तो पिण्याच्या पाण्याचा राखीव साठा असो किंवा जनावरांसाठी चारा. मे महिन्यातली पातळी आणि प्रत्यक्ष पेरलेले क्षेत्र ठरावाशेजारी लिहून ठेवले, की पुढल्या वर्षीचा झिरपा, म्हणजे पावसातले मुरणारे पाणी, किती टक्के धरायचा हे गावाला स्वतःच्या खडकावरून ठरवता येते.