भिंतीवरचं पांढरं: लोणा की बुरशी?

पावसाळ्यात बेळगावात भिंतीवर पांढरं काहीतरी उगवलं की भाड्याच्या घरात भांडण ठरलेलं, पाऊस आणखी जास्त असलेल्या खानापूर-कणकुंबीकडं तर विचारूच नका. मालक म्हणणार तुम्ही आत कपडे वाळवता म्हणून झालंय, भाडेकरू म्हणणार भिंतच गळकी आहे, आणि घरं सांभाळणारा मॅनेजर पेंटर पाठवून मोकळा. पण ते लोणा आहे का बुरशी हे आधी बघायला नको का ओ?

लोणा म्हणजे क्षार. जमिनीतले, विटा-सिमेंटातले क्षार ओलीबरोबर भिंतीत चढतात, पाणी उडून जातं आणि हे मागं राहतात, म्हणून तो बहुतेक जोत्याजवळ नायतर पाईप गळतोय तिथं दिसतो. चोळला की भुगा पडतो, वास नाही. छातीला त्याचा तसा त्रास नसतो, पण रंग सोलतो, प्लास्टर पोखरतो.

बुरशी जिवंत असते. तिला ओल पाहिजेच, वर खायला लाकूड, कागद, कापड, अगदी भिंतीवरची धूळ पण चालते. कपाटामागं, छताच्या कोपऱ्यात, जिथं वारा नाही तिथं ती धरते. काळी-हिरवी असली तर कळते, पांढरी असली की घोटाळा. मग पाण्याचा थेंब टाका, लोणा विरघळतो, बुरशी नुसती माखते. आणि शेजारच्या चपलेवर, बेल्टवर पण पांढरं आलं असेल तर टेस्ट कशाला, चामड्याला लोणा कुठं लागतोय!

बुरशीचे बीजाणू हवेत उडतात, मग शिंका, खोकला, दमेकऱ्याला धाप. ओल-बुरशीच्या घरात श्वसनाचे आजार आणि दमा वाढतो हे जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 मध्येच सांगितलंय.

आता साफ करायची पद्धत बघा, एकदम उलटी. लोणा कोरड्या ब्रशनं झाडायचा, पाणी मारलं तर क्षार परत आत जातात. बुरशी मात्र कोरडी कधीच घासायची नाही, बीजाणू घरभर होतात, मास्क-हातमोजे घालून साबणाच्या पाण्यानं ओल्या फडक्यानं पुसा आणि जागा पूर्ण वाळवा. ब्लीचिंग पावडर आणि टॉयलेटचं ॲसिड एकत्र करू नका, क्लोरीन वायू होतो. दहा चौरस फुटांपेक्षा जास्त पसरली असेल तर जाणकार माणूस बोलवा.

गळती दोन्हीकडं थांबवायलाच लागते. भिजलेलं 24 ते 48 तासांत वाळलं तर बुरशी सहसा धरत नाही, घरातली आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली ठेवायची, कपाट भिंतीपासून थोडं पुढं. आणि गणपतीच्या आधी रंग पाहिजे म्हणून ओल्या भिंतीवर प्लास्टिक पेंट मारतात ना, त्यानं पाणी आत कोंडतं आणि दिवाळीपर्यंत फुगे येतात, पैसे पाण्यात.

भाड्यानं घर बघायला मे महिन्यात गेलात तर कपाट सरकवून मागची भिंत बघा, आणि नवा रंग फक्त खालच्या तीन फुटांतच दिसला तर मालकाला विचारा, का म्हणून.