बुटका क्वार्टरबॅक चालत नाही? चालतो!

अमेरिकन फुटबॉलमध्ये एक समज वर्षानुवर्षं चालत आलाय: कॉलेजचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणारा खेळाडू, सहा फूट दोन इंचांहून बुटका असेल तर एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये टिकत नाही, कारण त्याच्यापुढे भिंतीसारख्या उभ्या धिप्पाड लाइनमनपलीकडचं त्याला दिसत नाही. हे साफ चूक आहे. लाइनमन साडेसहा फुटांच्या आसपास असतात. त्यांच्या डोक्यावरून उंच क्वार्टरबॅकलाही दिसत नाही. तो बघतो फटींतून, आणि फट सापडते पावलांच्या चपळाईने. सहा फुटी ड्रू ब्रीजला २००१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात तेव्हा, पहिल्या फेरीत कुणीच घेतलं नाही. २०१० मध्ये तोच सुपर बोलचा, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. पाच फूट अकरा इंचांच्या रसेल विल्सनने दुसऱ्याच हंगामात सुपर बोल जिंकला. उलट, २००७ ची पहिली निवड असलेला साडेसहा फुटी जमार्कस रसेल तीन हंगामांत बाहेर पडला.