बेंद्रे आणि 'निसर्गचित्रकार' हे बिरुद

ना. श्री. बेंद्रे यांच्या नावामागे 'निसर्गचित्रकार' अजूनही लावलं जातं. १९५० पर्यंतचं काम पाहिलं तर ते चूकही नाही. जन्म १९१०चा, इंदूरचा. तिथल्या चित्रवर्गात मुलं कागद-रंग घेऊन बाहेर पडत. पुढे मुंबईची पदविका, काही वर्षं काश्मीरच्या पर्यटन कार्यालयात नोकरी, १९४१ साली मुंबईत सुवर्णपदक, १९४८ साली न्यूयॉर्कला प्रदर्शन.

घोळ शब्दाचा आहे. लँडस्केपला आपण निसर्गचित्र म्हटलं आणि गल्ली, घाट, बाजार, देवळाचा ओटा, सगळं त्यातच कोंबलं. स्पॉटवर बसून केलं की निसर्गचित्र! स्थळचित्र म्हणायला काय हरकत होती? ऊन कुठून पडतं, दूरचा रंग किती फिका करायचा, याच्याशी झगडणारा माणूस या एका शब्दापायी झाडं-डोंगर काढणारा ठरतो.

या बिरुदाची अडचण बडोद्यात जास्त होते. १९५० साली तिथल्या नव्या विद्यापीठात ललित कला विभाग सुरू झाला आणि चित्रकला शिकवायला बेंद्रे गेले. मुंबईकडची कलाशाळा परीक्षेभोवती फिरणारी. इथे मास्तर मुलांच्या देखत रंगवत, घनवाद, म्हणजे वस्तू भौमितिक आकारांत मोडून मांडायची शैली, आजमावून बघत. १९५५ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो 'काटा' या चित्राला, आणि त्यात आहेत माणसं. १९५६च्या 'बडोदा ग्रुप' या चित्रकारांच्या गटात विद्यार्थ्यांच्या बरोबरीनं त्यांचीही चित्रं होती.

बेंद्रे अनेक शैलींत भटकले, लँडस्केपमध्येच राहायला हवे होते, अशी तक्रार तेव्हापासून आहे. आता तक्रार करणाऱ्यांनी एवढं पाहावं की त्यांचे विद्यार्थी एकमेकांसारखे रंगवत नाहीत, आणि त्यांच्यासारखे तर नाहीतच. गुरूची एकच ठरलेली शैली असती तर हे जमलं असतं का, मला शंका आहे. इंदुरात शिकलेली गोष्ट, समोरचं आधी नीट बघा, तेवढी मात्र बडोद्यातही सुटली नाही.

१९५९ पासून ते विभागाचे अधिष्ठाता होते. १९६६ साली त्यांनी बडोदा सोडलं. नंतर मुंबईत ठिपक्यांनी रंगवलेली चित्रं आली, १९६९ साली पद्मश्री. लिलावांत आज गाजतात ती बहुधा हीच ठिपक्यांची चित्रं, आणि त्यांतही बायका, घडे, गुरं.