पोटरी कापतात म्हणजे नेमकं काय?

तलावपाळीच्या कट्ट्यावर पाय लांब करण्याच्या ऑपरेशनचा विषय निघाला की कुणीतरी ठासून सांगतोच, "त्यात पोटरीच कापतात, मग माणूस जन्मभर लंगडतो."

तसं नाही. हाड छेदून दिवसाला साधारण १ मिलिमीटर, तेही टप्प्याटप्प्याने, लांबवतात. फटीत नवं हाड धरतं, पण पोटरी त्या वेगाने वाढत नाही. ती आखडते, टाच उचलली जाते. व्यायाम आणि स्प्लिंटने (पाऊल सरळ धरून ठेवणाऱ्या आधाराने) भागलं तर सुरी लागतच नाही.

नाहीच भागलं तर सर्जन पोटरीच्या वरच्या स्नायूचा पांढरा, चिवट पडदा आडवा छेदतात. मांसल तंतू शाबूत राहतात. दंडात घट्ट झालेल्या ब्लाउजची शिवण उसवतात, बाही कापून टाकत नाहीत, तसंच.

गुडघा सरळ असताना पाऊल वर वळत नाही, वाकवल्यावर वळतं, तर दोष याच स्नायूचा. तो गुडघा ओलांडून जातो. दोन्ही वेळा अडलं तर टाचेमागची कंडरा (पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारी जाड दोरी) लांबवण्याचा विचार होतो. तिथे पायाचा जोर जास्त कमी होण्याची भीती, म्हणून ते हात राखून करतात. पडदा छेदल्यावरही काही महिने चवड्यांवर उभं राहताना जोर कमी पडू शकतो, हे खरं. लंगडायला लावते ती मुख्यतः वेळेत न सोडवलेली पोटरी.