तोंड आलंय? तारीख सांगा

तोंड आलं की आपल्या निपाणी-चिकोडीकडे आधी ‘उष्णता झाली’ म्हणतात. मग तूप लावायचं, ज्येष्ठमध चघळायचं, मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्स आणायचं. बहुतेकदा गुणही येतो, कारण साधा फोड ७ ते १४ दिवसांत आपोआपच भरतो. श्रेय गोळीला मिळतं, आणि पुढं न भरणाऱ्या फोडावरही माणूस दोन-दोन महिने तीच गोळी खात बसतो. मला भीती वाटते ती या दोन महिन्यांची.

म्हणून पहिला प्रश्न तारखेचा: कधी उठला? दुसरा: जागा बदलतो की तिथंच आहे? अधूनमधून उठणारे, जागा बदलणारे, झोंबणारे फोड असतील तर हिमोग्लोबिन, लोह, बी-१२, फोलेट तपासतात. सोबत डोळे लाल होणं, गुप्तांगावर फोड किंवा जुनाट जुलाब असतील तर तेही लाज न धरता सांगावं, निदान तिथूनच उलगडतं. औषधांची पिशवीही न्यावी. संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी चुकून रोज घेतली गेली, तर तोंड सोलवटतं आणि रक्तातल्या पेशीही घटतात. ते जिवावर बेतू शकतं.

एकाच जागी ठाण मांडलेल्या फोडाची गोष्ट वेगळी. शेजारी दाताचा टोकदार तुकडा किंवा घासणारी कवळी असेल तर ती आधी नीट करतात आणि जास्तीत जास्त दोन आठवडे वाट बघतात. डॉक्टर हातमोजा घालून बोटानं फोड दाबून बघतात. बूड कडक लागलं, कडा उचललेली असली, तर थांबत नाहीत, तपासणीसाठी फोडाचा छोटा तुकडा काढतात (बायोप्सी). ‘दुखत नाही हो’ म्हणून निर्धास्त राहू नका, सुरुवातीचा कॅन्सर बऱ्याचदा दुखतच नाही. तंबाखू-चुन्याची गोळी रोज जिथं धरता, ती जागा आरशात बघा. तंबाखू नको म्हणून सुपारी धरलेल्यांनीही बघा; जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्येच नुसत्या सुपारीलाही कॅन्सरकारक ठरवलंय.

‘तुकडा काढला की पसरतंय’ ही भीती गावोगाव ऐकू येते. तसं होत नाही. जागा बधिर करून कडेचा छोटा तुकडा घेतात, चांगली कातडी जिथं संपते तिथला. फोडाच्या मधून घेतला तर बऱ्याचदा मेलेल्या पेशीच हाती लागतात.