वीज गेली आणि पीएलसीचा प्रोग्राम उडाला: शोध कुठून सुरू करायचा?

वीज परत आली, पॅनलमधल्या पीएलसीचा (मशीन चालवणारा औद्योगिक कंट्रोलर) पॉवरचा दिवा लागला, पण प्रोग्राम चालू असल्याचा रनचा दिवा काही लागत नाही. लॅपटॉप जोडावा तर कंट्रोलर कोरा. अशा वेळी बहुतेक ठिकाणी बॅटरी बदलतात, जुना बॅकअप टाकतात आणि मशीन चालू करतात. कधी तेवढ्यानं भागतं, कधी पुढच्या खेपेला प्रोग्राम पुन्हा उडतो. म्हणून कशालाही हात लावण्याआधी एक गोष्ट विचारून घ्यावी: वीज किती वेळ गेली होती? क्षणभर, रात्रभर, की आठवडाभर? निम्मं निदान या उत्तरातच असतं.

अनेक पीएलसींमध्ये, विशेषतः जुन्या मॉडेलांत, प्रोग्राम स्टॅटिक रॅममध्ये राहतो. या मेमरीचा एक बिट सहसा सहा ट्रान्झिस्टरांनी धरून ठेवलेला असतो आणि तो टिकायला सतत थोडा व्होल्टेज लागतो. साधारण २ व्होल्टच्या खाली गेलं की मजकुराचा भरवसा संपला. मुख्य पुरवठा नसताना हा व्होल्टेज लिथियम सेल किंवा सुपरकपॅसिटर (बराच विद्युतभार साठवणारा कपॅसिटर) पुरवतो. फ्लॅश आणि ईईप्रॉम या कायमच्या मेमरींमध्ये हा प्रश्न नाही, तिथे विजेशिवाय मजकूर वर्षानुवर्षं राहतो. तेव्हा आपल्या मॉडेलमध्ये प्रोग्राम कुठे राहतो आणि डेटा कुठे, हे मॅन्युअलमधून आधी पाहून घ्या. दोन्ही एकाच जागी असतात असं नाही.

थोडा हिशेब करू. १२०० मिलिअँपिअर-तासांच्या सेलवर २० मायक्रोअँपिअरचा भार असेल तर कागदावर ६०,००० तास, म्हणजे जवळपास सात वर्षं मिळतात. पॅनल तापलेलं असेल तर चिपची गळती आणि सेलची आपोआप होणारी झीज दोन्ही वाढतात, त्यामुळे प्रत्यक्ष आयुष्य यापेक्षा कमी भरतं. सुपरकपॅसिटरचं गणित फार तोकडं आहे. ०.१ फॅरडचा कपॅसिटर ५ व्होल्टवरून २ व्होल्टपर्यंत उतरताना ०.३ कूलॉम विद्युतभार देतो. २ मायक्रोअँपिअरच्या भाराला तो सुमारे ४२ तास पुरतो. वय वाढेल तशी कपॅसिटरची क्षमता घटते आणि हे तासही घटतात. शनिवार-रविवार सहज पार करणारा कंट्रोलर काही वर्षांनी एका रात्रीतच कोरा होऊ लागतो, त्यामागे अनेकदा हेच असतं.

आता त्या उत्तराकडे. प्रोग्राम फक्त लांबलेल्या खंडानंतर उडत असेल तर संशय सेलवर किंवा कपॅसिटरवर. काही सेकंदांच्या खंडातही दरवेळी हमखास उडत असेल, तर सेल पूर्ण संपलेला आहे, त्याचा जोड तुटलेला आहे किंवा प्रोग्राम कायमच्या मेमरीत लिहिलेलाच नाही. आणि छोट्या झटक्यांत कधी उडतो, कधी टिकतो, असं असेल तर पॉवर सप्लाय तपासायचा. खात्री करायची असेल तर ठरवून चाचणी घ्या. बॅकअप हाताशी ठेवून पुरवठा आधी एक मिनिट बंद करा, मग एक तास, मग रात्रभर.

मात्र या सगळ्याच्या आधी, कंट्रोलर जिवंत असेल आणि त्यात अजून काही शिल्लक असेल तर वीज चालू असतानाच ते उतरवून घ्या. प्रोग्राम, पॅरामीटर आणि डेटा रजिस्टरच्या (प्रोग्राम आपले आकडे ठेवतो त्या जागांच्या) किमतीसुद्धा. कित्येक सॉफ्टवेअरांत डेटा वेगळा निवडावा लागतो, आणि तो राहून जातो.

सेल तपासताना मल्टिमीटर फसवतो. ३.६ व्होल्टच्या लिथियम-थायोनिल क्लोराइड सेलचा व्होल्टेज आयुष्यभर जवळपास सपाट राहतो आणि अगदी शेवटी कोसळतो. त्यामुळे संपत आलेला सेलही ३.६ दाखवतो. सेल बाहेर काढून त्यावर १० किलोओहमचा रोध लावा आणि मग मोजा. फार दिवस पडून असलेल्या सेलमध्ये लिथियमवर एक पातळ थर धरतो, म्हणून सुरुवातीला व्होल्टेज जरा दबतो आणि मग वर येतो. तो ३ च्या खाली जाऊन तिथेच राहिला तर सेल गेला. पाच वर्षं झालेला सेल मोजत बसण्यापेक्षा बदललेला बरा. बदलताना कनेक्टरच्या पिना, सांडलेल्या रसायनाचे डाग आणि लाल-काळ्या वायरींची दिशा पाहा. हे सेल कधीही चार्ज करू नका आणि त्यांच्यावर थेट सोल्डरिंग करू नका. टॅब लावलेले सेल मिळतात, तेच घ्या.

बदलायची पद्धत मॉडेलप्रमाणे निराळी असते. मित्सुबिशीच्या एफएक्स-३यू मध्ये पुरवठा बंद करून २० सेकंदांच्या आत नवा सेल जोडायचा असतो. तेवढा वेळ आतला कपॅसिटर मेमरी सांभाळतो, पण त्यासाठी कंट्रोलर आधी काही वेळ चालू असायला हवा. ॲलन-ब्रॅडलीच्या एसएलसी ५०० मध्ये पुरवठा चालू ठेवूनही सेल बदलता येतो. बॅटरीच्या इशाऱ्याचा बिट (एफएक्समध्ये एम८००५, एसएलसीमध्ये एस:५/११) प्रोग्राममध्ये घेऊन पडद्यावर अलार्म म्हणून दाखवावा, असं आम्ही आग्रहानं सांगू. पुरवठा चालू असेपर्यंत मेलेला सेलही कुणाच्या लक्षात येत नाही, आणि बंद पॅनलमधला छोटा लाल दिवा पाहायला कुणी जात नाही.

पॉवर सप्लायचा दोष जास्त छळतो. व्होल्टेज हळूहळू किंवा हेलकावे खात खाली जातो, तेव्हा मेमरीत चुकीचं काही लिहिलं जाऊ नये म्हणून सुपरवायझर सर्किट प्रोसेसरला वेळेत रोखतं. हे सर्किट ढिलं पडलं किंवा एसएमपीएसमधले (स्विचिंग प्रकारच्या पॉवर सप्लायमधले) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकले की प्रोग्राम बिघडू शकतो, सेल कितीही नवा असला तरी. २४ व्होल्टचा पुरवठा पूर्ण भारावर, मोठे कॉन्टॅक्टर (मोटरसारखे भार चालू-बंद करणारे विद्युत स्विच) ओढले जात असताना मोजा. बहुतेक कंट्रोलरना २०.४ ते २८.८ व्होल्ट चालतात. मीटर एसी रेंजवर ठेवून रिपलही (डीसीवर उरलेली लहर) पाहा, पण क्षणिक खड्डा ऑसिलोस्कोपवरच दिसतो. कॉन्टॅक्टरच्या डीसी कॉइलवर फ्लायबॅक डायोड (कॉइल बंद होताना उठणारा उलटा झटका जिरवणारा) नसेल तर लावा. कंट्रोलरला शक्य तर स्वतंत्र एसएमपीएस द्या.

बऱ्याचदा प्रोग्राम उडालेलाच नसतो. कोडेसिस या प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरवर आधारलेल्या कंट्रोलरमध्ये बदल रॅममध्ये चालू झाले, पण बूट ॲप्लिकेशन (चालू होताना उचलली जाणारी कायमची प्रत) तयार केलं नाही, तर वीज जाताच ते बदल गायब होतात. कधी मेमरी मॉड्यूल दर चालूवेळी आपल्यातला जुना प्रोग्राम लादतं. एसएलसीमध्ये एस:१/११ हा बिट १ असेल तर नेमकं हेच होतं. कधी प्रोग्राम शाबूत असतो आणि फक्त मोजणी शून्य होते. एफएक्स-३यू मध्ये मूळ सेटिंगनुसार डी० ते डी१९९ हे डेटा रजिस्टर वीज गेल्यावर पुसले जातात, तर डी२०० पासून पुढचे राहतात. गणती डी१५० मध्ये ठेवली असेल तर ती जाणारच, तिथे नवा सेल काही करू शकत नाही. याउलट, किमती टिकाव्यात म्हणून दर स्कॅनला (प्रोग्रामच्या दर फेरीला) ईईप्रॉममध्ये लिहिणंही घातक. १ लाख लेखनांची मर्यादा १० मिलिसेकंदांच्या स्कॅनला जेमतेम १७ मिनिटांत संपते.

प्रोग्राम परत टाकताना हवा, हायड्रॉलिक आणि ड्राइव्हचा पुरवठा तोडून ठेवा. बॅकअप जुना असू शकतो, रजिस्टरमध्ये शून्य किंवा भलत्या किमती असू शकतात. टायमर, मर्यादा आणि रेसिपीच्या किमती नोंदीशी ताडून पाहा, इनपुट-आउटपुट एकेक करून तपासा, मगच हालचालीचा पुरवठा जोडा. शेवटी सेल बदलल्याची तारीख पॅनलच्या दारावर आतून लिहा आणि ताज्या प्रोग्रामची प्रत कारखान्यात दोन वेगळ्या जागी ठेवा.